शस्त्रक्रिया आणि बाबांची तिथी

बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात खिळा गेला तो गौरी-गणपतींचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. कुणाच्या तरी मखराची फळी घाटावर पडून राहिली होती. बाबा अनवाणी होते. रामकुंडावर पौरोहित्य करणाऱ्या माणसाने पायात काही घालावं, हा विचार आमच्या घरात कुणाला सुचला नसता. त्यांनी खिळा उपटला, पाय नदीत धुतला आणि समोर बसलेल्या यजमानाला संकल्पाचे पुढचे शब्द सांगितले. हे मला काकांनी नंतर सांगितलं, आणि कौतुकाने सांगितलं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. लग्न झालं नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पंचवटीतल्या दोन खोल्यांमध्ये बाबा आणि मी राहत होतो आणि खालच्या मजल्यावर काका-काकू. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. तेही घाटावरच काम करत.

बाबांना मधुमेह होता आणि त्यांच्या पावलांना फारसं काही जाणवत नसे. दुखत नाही म्हणजे काही झालेलं नाही, असं त्यांचं साधं गणित. मी हळद लावली, पट्टी बांधली. सकाळी ते पाण्यात उतरत आणि पट्टी भिजून सुटून जाई. आठवड्याभरात अंगठ्याचं टोक काळं पडलं. काकूंना वास आला तेव्हा मी शाळेतून रजा घेतली आणि बाबांना टांग्यात घालून शहरातल्या एका सर्जनकडे नेलं.

त्या डॉक्टरांनी पट्टी सोडायच्या आधीच वासावरून मान हलवली, मग ती सोडून पाहिलं.

"गुरुजी, हा अंगठा गेलेला आहे. आत्ता काढला तर अंगठ्यावर भागेल. थांबलात तर कुठपर्यंत काढावं लागेल ते मी आज सांगू शकत नाही."

"म्हणजे शस्त्रक्रिया."

"हो."

"त्यात माणूस जाऊ शकतो?"

"धोका आहे. खोटं कशाला सांगू? साखर आहे, वय आहे. पण न करण्यात धोका जास्त आहे."

बाबांनी पट्टी परत गुंडाळायला सुरुवात केली. "विचार करून सांगतो."

"विचार कसला करायचा त्यात?" मी म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, ते शुद्धीवर आहेत. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही. तुम्ही हो म्हणून चालणार नाही."

परतताना होळकर पुलावर टांगा बैलगाड्यांच्या मागे अडकला. बाबा बराच वेळ नदीकडे बघत होते. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "मी टेबलावर गेलो, तर माझं श्राद्ध कधी करायचं?"

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, म्हणून थोडं सांगते. भाद्रपदाच्या वद्य पक्षात ज्याचं त्याचं श्राद्ध त्याच्या त्याच्या तिथीला होतं. पंचमीला गेलेल्या माणसाचं पंचमीला, नवमीला गेलेल्याचं नवमीला. अपवाद चतुर्दशीचा. तो दिवस शस्त्राने गेलेल्यांचा. खून झालेले, अपघातात सापडलेले, बुडालेले, जळालेले, थोडक्यात ज्यांना अपमृत्यू आला त्यांचा. त्यांचा मृत्यू कुठल्याही तिथीला झालेला असो, त्यांना ही एकच तिथी. शास्त्राचा शब्द आहे शस्त्रहत.

बाबांनी जन्मभर त्या चतुर्दशीला लोकांची श्राद्धं केली होती. त्या दिवशी घाटावर येणारी माणसं वेगळी असतात, असं ते म्हणत. ती डोळ्याला डोळा देत नाहीत. आपल्या माणसाचं नाव सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. बाबांना मरणाची भीती होती असं मला वाटत नाही. त्यांचे वडील आणि आजोबा आपापल्या तिथीला पाणी घेत होते आणि आपण मात्र त्या खाली मान घातलेल्या गर्दीत जाऊन बसू, याची त्यांना भीती होती. शस्त्रक्रियेत मेलेला माणूस शस्त्रहत की नाही, हे ठरल्याशिवाय ते डॉक्टरांना हो म्हणणार नव्हते.

आणि पितृपक्ष लागला होता. वर्षातले सगळ्यांत गर्दीचे ते दिवस. घाटावर पहाटेपासून माणसं रांगेत बसलेली. तशात हा प्रश्न बाबांनी काकांना विचारला, काकांनी आणखी दोघांना, आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या घाटाचा झाला. दर्भाच्या जुड्या बांधता बांधता माणसं माझ्या बाबांच्या अंगठ्यावर वाद घालत होती. मी भाकरी घेऊन गेले की मला ऐकू येई.

"वैद्याच्या हातून मेला तो रोगाने मेला."

"सुरीने मेला तर सुरीने मेला. हात कुणाचा का असेना."

"मग न्हाव्याच्या वस्तऱ्याने कापलं आणि धनुर्वात झाला तर?"

"तर तुझी हजामत चतुर्दशीला."

हसत. बाबाही हसत. मला तो हसण्याचा आवाज सहन होत नसे. पाय पाण्यातच असे.

एका संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "तू शिकलेली आहेस. हा शब्द काय आहे ते बघ. डॉक्टर सर्जरी म्हणतात. त्यात शस्त्र आहे का?"

मला आनंद झाला हे लिहायला आज बरं वाटत नाही, पण झाला. वर्गात मुलींना शब्दांची मुळं सांगणारी मी. निदान आता माझ्या कामाचं काही तरी या घरात उपयोगी पडणार होतं. शाळा सुटल्यावर मी सरळ वाचनालयात गेले. जाड इंग्रजी कोश टेबलावर घेतला, मग संस्कृतचा. पंखा फिरत नव्हता. खिडकीखाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत उभं होतं.

सर्जरी या शब्दात शस्त्र नव्हतं. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आलेला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि लॅटिनने ग्रीकमधून घेतलेला. ग्रीकमध्ये दोन शब्द जोडलेले: एकाचा अर्थ हात, दुसऱ्याचा काम. हाताचं काम, एवढंच. पूर्वी तिकडे औषध सांगणारा वैद्य वेगळा होता. तो नाडी बघे, पुस्तक उघडे, रोग्याच्या जखमेला बोट लावत नसे. गळू फोडणं, हाड बसवणं, सडलेलं कापून टाकणं हे हाताने काम करणाऱ्याकडे, आणि तो पुष्कळदा न्हावी असे. पुढे त्याची प्रतिष्ठा वाढली, पण नाव तेच राहिलं. आपण रोज ऑपरेशन म्हणतो, त्याच्याही मुळाशी लॅटिनमधलं कामच निघालं. त्या वर्षांत तो शब्द लोक दबक्या आवाजात म्हणत, कारण नसबंदीच्या कॅम्पची आठवण ताजी होती. पण शब्दाचा त्यात दोष नव्हता.

मग मी संस्कृत कोश उघडला. तिथे मात्र सरळ होतं. शस्त्र: कापणं, मारणं या अर्थाच्या धातूपासून. आणि आपल्या जुन्या वैद्यकातही चिरण्या-कापण्याला शस्त्रकर्मच म्हटलेलं. शस्त्रक्रिया हा शब्द त्याच्याच वळणाचा. तिथेच शेजारी दुसरा शब्द होता, शल्य. शरीरात रुतून बसलेलं बाणाचं टोक, काटा, जे काही बाहेरचं आत राहून सलत असेल ते. त्यावरून शल्यचिकित्सा. तो शब्द हत्याराचं नाव घेत नाही. आत जे रुतलंय त्याचं नाव घेतो. मला वाटलं, हा शब्द बाबांसाठीच कोशात थांबलेला आहे.

घरी आले तेव्हा काका वर येऊन बसले होते. मी सगळं सांगितलं. अर्धा संदर्भ सांगायची आमच्या घरात रीत नव्हती, म्हणून शस्त्रकर्मही सांगितलं.

बाबा हाताकडे बघत म्हणाले, "हाताचं काम. म्हणजे आपल्यासारखंच."

काका म्हणाले, "ग्रीकांचं असेल. दादा, तुझा पाय काय ग्रीसमध्ये कापणार आहेत का? आपल्याकडे शस्त्रकर्म म्हटलंय, हिनेच सांगितलं."

"काका, शल्यही म्हटलंय. रुतलेलं काढणं. बाबांच्या पायात खिळाच गेला होता."

"शल्य म्हणजे बाण ना? मग बाण काय फूल असतं? तेही शस्त्रच."

"बाण शस्त्र आहे. पण तो काढणं शस्त्र नाही."

"काढतात कशाने? चमच्याने?"

बाबांना हसू आलं. मला रडू आलं, पण मी कोशातून उतरवलेला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि कुकर लावायला उठले. पाठीमागे दोघं पुन्हा सुरू झाले. मला तेव्हा प्रथमच कळलं की या वादाला पुरावा नको होता. प्रत्येक शब्दाला उत्तर मिळत होतं आणि उत्तर मिळालं की दोघांनाही बरं वाटत होतं, जणू काही काम झालं.

काका एका म्हाताऱ्या शास्त्रीबुवांकडेही जाऊन आले. त्यांनी दोन दिवस पोथ्या चाळल्या आणि सांगून पाठवलं की बरं करण्याच्या हेतूने चालवलेलं शस्त्र दोषाचं नसावं असं त्यांना वाटतं, पण तसं स्पष्ट वचन सापडलं नाही, तरी अमावास्येनंतर निवांत बघू. तोपर्यंत काळा रंग अंगठ्यावरून शेजारच्या बोटावर आला होता. डॉक्टरांकडे मी एकटीच गेले. ते म्हणाले, "ताई, मला पोथीतलं काही कळत नाही. मला एवढं कळतं की हे वर सरकतंय." ते चिडले नव्हते. मी चिडले होते आणि माझ्यासमोर तेवढेच होते, म्हणून त्यांच्यावरच थोडा आवाज चढवला. त्यांनी तो ऐकून घेतला.

चतुर्दशीला सुट्टी होती. मी बाबांची गोळी आणि भाकरी घेऊन घाटावर गेले. त्या दिवशीची माणसं बाबा म्हणत तशीच होती. गप्प. बाबांच्या समोर सटाण्याकडचा एक शेतकरी बसला होता, सोबत त्याची म्हातारी आई. दर्भाची अंगठी त्याच्या बोटात नीट बसत नव्हती, कष्टाची जाड बोटं. संकल्पाआधी त्याने विचारलं,

"महाराज, मना भाऊ ऑपरेशनमा गया. पोटनं ऑपरेशन. त्यानं श्राद्ध आजच करानं शे का? गावमा काही जण म्हणतस आज, काही म्हणतस नाही."

मी पायरीवर उभी राहिले. बाबांनी क्षणभरसुद्धा थांबून पाहिलं नाही.

"कधी गेला?"

"कार्तिकी अष्टमीले."

"मग अष्टमीला यायचं होतं. ती या पक्षात होऊन गेली. आता अमावास्येला या, सर्वपित्रीला चालतं. आज करू नका."

"पन पोट फाडेल व्हतं ना, महाराज."

"डॉक्टरने त्याला मारायला फाडलं का? वाचवायला गेला, हात अपुरा पडला. तुझा भाऊ आजाराने गेला. त्याला या लोकांत बसवू नकोस."

म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. दोघं बाबांच्या पाया पडली. त्या काळ्या पडलेल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पायावर म्हातारीने कपाळ टेकलं आणि ती उठून गेली. जाताना तिची पाठ जरा सरळ झाली होती, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

मी डबा खाली ठेवला. "बाबा, आत्ता तुम्हीच सांगितलंत."

"काय?"

"त्याच्या भावाचं. तुमचंही तेच."

"माझं कसं तेच होईल?" त्यांना खरंच नवल वाटलं. "तो विचारायला आला, मी सांगितलं. मला कुणी सांगायला नको का? स्वतःचा निर्णय स्वतः देता येत नाही. तसं केलं तर सोयीचंच सापडतं."

"मग मी सांगते."

ते थोडं हसले, वाईट हसू नव्हतं ते. "तू सांगून कसं चालेल, बाळ?"

"शब्द बघायला सांगितला तेव्हा चालत होतं."

पुढचा यजमान बसला होता. त्यांनी त्याला हात पुढे करायला सांगितलं आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधून पाणी कसं सोडायचं ते दाखवू लागले.

मी काकांना गाठलं. ते चार पायऱ्या पलीकडे होते. सटाणेकरांचं सगळं त्यांनीही ऐकलं होतं. मी म्हणाले, "काका, बाबांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. आत्ता दोन शब्द बोला. तुमचं ऐकतील."

काका पिंडांसाठी भात मळत होते. बराच वेळ मळत राहिले. "आणि मी सांगितलं आणि तो टेबलावर गेला तर?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"अमावास्या होऊ दे. दोनच दिवस. पूर्ण विचार करून सांगतो."

मी त्यांच्याकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटतं, त्यांना उत्तर माहीत होतं. त्यांना ते उत्तर आपल्या तोंडून जायला नको होतं. धाकट्या भावाने थोरल्याला सुरीखाली पाठवलं असं कुणी म्हणायला नको होतं. मला त्यांची कीव करता आली असती. त्या दिवशी ती आली नाही.

अमावास्येला बाबा दुपारपर्यंत पाण्यात होते. सर्वपित्री, त्या दिवशी घाटावरून कुणी घरी येत नाही. सटाणेकर पुन्हा आले होते असं काकूंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरोघर घट बसले आणि बाबांना हुडहुडी भरली. संध्याकाळी ते मला आईच्या नावाने हाक मारू लागले. पायावर घोट्याच्या वर लाल रेघ चढली होती.

दवाखान्याच्या बोळात डॉक्टरांनी काकांना सांगितलं की आता गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, आणि तेवढ्यानेही भागेल अशी खात्री नाही. बाबा विचारण्याच्या स्थितीत नव्हते. डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं.

काका म्हणाले, "करा."

एवढंच. त्या शब्दाला पोथी लागली नाही, शास्त्रीबुवा लागले नाहीत, कोश लागला नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला काकांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं, कारण हा शब्द इतका लहान होता.

बाबा टेबलावर गेले नाहीत. ते पंचमीला गेले, खाटेवर, पाय काढल्यानंतर काही दिवसांनी, अंगभर पसरलेल्या विषाने. मधे एकदा शुद्धीवर आले होते. चादर सपाट कुठे होते ते त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. मला वाटलं, आता तो प्रश्न विचारतील. त्यांनी पाणी मागितलं. मी चमच्याने दिलं.

मुलगा नव्हता, म्हणून काकांनी अग्नी दिला. दिवसही त्यांनीच केले. माझ्यासाठी त्या दिवसांत काम होतं ते स्वयंपाकाचं.

वर्षश्राद्ध झालं. त्याच्यानंतरच्या पितृपक्षात बाबांचं पाणी पहिल्यांदा पितरांबरोबर जायचं होतं. पौर्णिमेला काका वर आले. केस पार पांढरे झाले होते त्यांचे. चहाचा कप हातात धरून बसले.

"दादाचं पंचमीला करू," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"आणि चतुर्दशीलाही करू."

मी कप खाली ठेवला. "का?"

"शंका नको. पाय कापला होता. शस्त्र लागलं होतं अंगाला. दोन्ही दिवशी केलं म्हणजे कुठेच काही राहिलं नाही."

"काका, सटाण्याच्या माणसाला बाबा काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं होतंत."

"ऐकलं होतं."

"त्याला या लोकांत बसवू नकोस, असं म्हणाले. ते स्वतःबद्दलही नव्हते बोलत का? जरा तरी?"

"तू म्हणतेस ते खरं असेल," ते म्हणाले. "पण नसलं तर? तो तिकडे ताटकळत बसेल त्याचं काय?"

मला तेव्हा खूप बोलायचं होतं. ते इथेच ताटकळत बसले होते, पाण्यात पाय सोडून, आपण सगळे त्यांच्याभोवती शब्दांची कुस्ती खेळत असताना. त्यांना मारलं असेल तर ते कुठल्या सुरीने नाही. पण समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे कसं सांगणार? त्याला ते ठाऊक असावं, म्हणून तर तो दोन दोन श्राद्धं मागत होता. मी फक्त म्हणाले, "पंचमीचा स्वयंपाक मी करीन. चतुर्दशीचा करणार नाही."

"तुझा हट्ट दादावर गेलाय," काका म्हणाले आणि चहा न पिता खाली गेले.

पंचमीला मी पहाटे उठून सगळं केलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, बाबांना आवडायची ती गवारीची भाजी. पान वाढलं. कावळा लवकर शिवला. शेजारच्या बाई म्हणाल्या, समाधानाने गेले हो तुमचे वडील.

चतुर्दशीला मी शाळेत गेले. सहावीच्या वर्गात शब्दसिद्धीचा धडा होता आणि मी तो पुढच्या आठवड्यावर ढकलून मुलींना निबंध लिहायला लावला. संध्याकाळी घरी आले तेव्हा खालच्या मजल्यावरून तुपाचा वास येत होता. काकूंनी माझं पान झाकून जिन्यावर ठेवलं होतं. त्या दारातच उभ्या होत्या.

"त्यांनी एकट्याने केलं सगळं," त्या म्हणाल्या. "खा गं थोडं."

मला भूक लागली होती. मी पान उचललं, तसंच त्यांच्या हातात परत दिलं आणि वर गेले. त्यानंतर दर पितृपक्षात काका दोन्ही दिवशी बाबांना पाणी देत राहिले, अगदी ते स्वतः जाईपर्यंत. मी दरवर्षी एकाच दिवशी चूल पेटवली.